खालच्या घराचा नळ

आमच्या गल्लीत पाणी वरून खाली भरलं जायचं, आणि हे कुठल्या इंजिनिअरने ठरवलेलं नव्हतं. पाइप तर उलटा होता. तो खालच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावरून आत यायचा आणि चढ चढत वरच्या घरापर्यंत जायचा. खालच्या घराने नळ सोडला की त्याला मनगटाएवढी धार, आणि त्याच वेळी वरच्या घरात नुसती सुतासारखी रेघ. नगरपालिकेचं पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा येणार, आणि तेही कधी येईल ते व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसालाच ठाऊक. अशा पाण्यावरून गावातल्या बाकीच्या गल्ल्यांत डोकी फुटायची. आमच्याकडे नाही फुटली, कारण आमच्याकडे खालचं घर आपला नळ बंद ठेवून बसायचं.

पाणी आलं की आधी वरचं घर भरायचं. त्यांचं झालं की त्यांच्यातलं कोणीतरी ओट्यावर येऊन खालच्या घराला हाक मारायचं, "झालं." मग ते भरायचे आणि पुढच्याला हाक द्यायचे. अशी ती हाक घराघराने उतरत आमच्यापर्यंत यायची. आमचं घर शेवटून दुसरं. आमचं भरून झालं की मी अंगणाच्या भिंतीवरून शेवटच्या घरातल्या खालाला सांगायचे, आणि मग खाला नळ सोडायची. तिची धार जोराची, त्यामुळे उरल्यासुरल्या वेळातही तिचं भागून जायचं. एखाद्या वेळी हाक तिच्यापर्यंत पोचायच्या आतच पाणी जायचं. मग आम्ही वरचे सगळे आपापल्या घरातून दोन-दोन गुंड पाणी तिच्याकडे नेऊन ओतायचो. त्याबद्दल कोणी कोणाला काही बोलायचं नाही.

ही रीत खालाच्या सासूने पाडलेली. मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याच्या आधीची गोष्ट. गल्लीत नळ नवीन आले होते आणि वरच्या घरात बाळंतीण होती. त्या घरात पाण्याचा टिपूस नाही आणि खाली म्हातारीच्या हौदातून पाणी ओसंडून रस्त्यावर वाहत चाललेलं. कोणीतरी येऊन तिला बाळंतिणीचं सांगितलं. म्हातारीने उठून नळ बंद केला आणि म्हणाली, "पयले थे भरू द्या, आमाले काय घाई हाय." बाळंतीण उठली, हिंडू फिरू लागली, ते पोर शाळेत गेलं, पुढे नोकरीला लागलं, पण खालच्या घराचा नळ पुन्हा कधी आधी सुटला नाही.

आमच्या भागात जमिनीखाली पाणी नाही असं नाही. आहे, पण खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच प्यालं तर माणसाची मूत्रपिंडं जातात. म्हणून नळाच्या पाण्याला आमच्याकडे गोडं पाणी म्हणतात आणि पाहुण्याला पेला देताना "गोडं आहे, प्या" असं सांगून देतात. हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

खाला म्हणजे पिंजाऱ्याची सून. खाला म्हणजे मावशी, पण हे काही नातं नव्हे, गल्लीतली लहानमोठी सगळीच तिला खाला म्हणत. नवरा गेल्यावर तिने गाद्या-रजया भरायचं काम एकटीने चालवलं. दिवाळी सरली की घरोघरच्या जुन्या रजया तिच्या ओट्यावर येऊन पडायच्या. ती कापूस काढून यंत्रावर पिंजायची, उन्हं द्यायची, पुन्हा भरून टाके घालायची. त्या दिवसांत गल्लीभर कापसाचे तंतू उडत. माझ्या केसांत, दाराच्या कडीवर, नवऱ्याच्या चष्म्यावर, सगळीकडे कापूस. मी शाळेत मास्तरीण होते, म्हणून ती मला "बाई" म्हणायची आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी असून "तुमी" म्हणायची. मी तिला "तू" म्हणायचे, मावशीला म्हणतात तसं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत दुपटी तिने शिवली. तिच्या मुलाचं मराठी मी घोटून घेतलं. तो मुलगा आता नांदुऱ्याला एका मोठ्या दुकानात फोमच्या गाद्या विकतो. यावर ती स्वतःच हसायची आणि तो रडायचा बाकी राहायचा.

तिला त्या घरातच मरायचं होतं. हे ती बोलून दाखवायची, अगदी सहज, आज भाजी काय केली ते सांगावं तसं. मुलगा दर सणाला येऊन "चल" म्हणायचा आणि ती त्याला जेवू घालून परत पाठवायची.

तर आधी वरचं घर गेलं. ज्या बाळंतिणीसाठी ही रीत पडली तिचं घर. ती बाई वारली होती, तिचा नवरा कोर्टातून निवृत्त झाला होता, आणि ते पोर पुण्यात फ्लॅट घेऊन बसलं होतं. बापाला घेऊन गेलं आणि घर बिल्डरला दिलं. त्याला लागून असलेलं घरही गेलं, त्यातला सायकल दुरुस्तीवाला भाडेकरू होता, त्याला कोण विचारतो. जाताना वरच्या घरचे काका सगळ्यांच्या घरी पेढे घेऊन आले होते. खालाकडे बसून चहा प्यायले, डोळे पुसले. मीही तेव्हा पुसले होते, आता त्याचा राग येतो.

तिथे चार मजले चढले. नाव इंग्रजी, शेवटी 'हाइट्स'. आमच्या गल्लीतून त्या हाइटवरून दिसणार काय, तर स्टँडकडचा रस्ता आणि दूरवर सातपुड्याची रेघ. फ्लॅट मात्र हातोहात गेले. दोन डॉक्टर, एक कोचिंग क्लासवाले सर, एक कृषी केंद्रवाला, आणि ज्यांची शेतं हायवेत गेली होती ती दोन-तीन कुटुंबं. खाली दुकानांचे गाळे निघाले आणि एका गाळ्यात कॅफे आलं. आमच्या गावात कॅफे! तिथे पोरं-पोरी काचेच्या बरणीत कॉफी पितात, वर फेस. समोरची ब्लाउज शिवणारी भाडं वाढलं म्हणून निघून गेली, तिच्या खोलीत नखं रंगवायचं दुकान लागलं. पिंजारी गल्ली हे नावही हळूहळू गेलं. मोबाइलच्या नकाशावर आमची गल्ली कोणीतरी त्या बिल्डिंगच्या नावाने घालून दिली, आणि आता माझ्याच घरी येणारा पार्सलवाला मला माझा पत्ता समजावून सांगतो.

मी सुधारणेच्या विरुद्ध नाही. हे मला दर वेळी आधी सांगावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं म्हातारीला काही नवीन बघवत नाही. मला रस्ता हवा होता, दिवे हवे होते. नाली बांधून द्या म्हणून मीच बायका घेऊन नगरपालिकेत गेले होते आणि तेव्हा आम्हाला हात हलवत परत यावं लागलं होतं. हाइट्स उभी राहिल्यावर मात्र तीच नाली एका महिन्यात झाली.

बिल्डरने आधी बोअर मारला. अर्थातच खारं लागलं. मग त्याने नळाचं कनेक्शन घेतलं, जमिनीत टाकी केली आणि त्यावर मोटार बसवली. ही मोटार पाइपातून पाणी खेचून घेते. नळ सोडायची वाट बघत नाही.

पहिलं पाणी आलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी घरी होते. व्हॉल्व्हवाला येऊन गेला. वरून मोटारीचा आवाज सुरू झाला. मी गुंड मांडून बसले हाकेची वाट बघत. बराच वेळ गेला. मग मधल्या घराने न राहवून नळ सोडला, मग मीही सोडला. नळाने फुस्स केलं. मी तोटीला बोट लावलं तर बोट आत ओढलं गेलं. माझ्या नळातून माझ्याच घरातली हवा वर चालली होती.

मी भिंतीवरून पाहिलं. खाला आपल्या नळाच्या खड्ड्याच्या काठावर बसली होती. नळ जमिनीच्या वर घेतला की धारेचा जोर जायचा, त्यामुळे ज्याच्या त्याच्या दारासमोर जमिनीत खड्डा करून नळ खाली बसवलेला असायचा, त्यात उतरून पाणी भरायचं. ती खड्ड्याकाठी बसून कापसातली सरकी वेचत होती. तिचा नळ बंद.

"खाला, सोड ना नळ," मी म्हटलं. "तिथी खाली तुले तरी येईन थोडंसं."

"वरचं झालं का?"

"वरचं कधीच होत नाई आता. वर टाकी हाय, मोटार हाय."

"मंग होईन ना थ्याइचं. टाकी म्हनजे वेळ लागनारच."

मी डोक्याला हात लावला. ती तशीच बसली. पाणी गेलं, व्हॉल्व्हवाला किल्ली खांद्यावर टाकून निघून गेला, आणि तिच्या घरात एक थेंब आलेला नव्हता. सगळ्यांत खाली, मोठ्या पाइपाच्या तोंडाशी असलेलं घर ते. तिने नळ सोडला असता तर त्या दिवशी गल्लीत फक्त तिला पाणी मिळालं असतं.

पुढच्या पाण्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. मी तिच्याशी भांडले. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी तुझी सासू थांबली ते लोक पुण्याला गेले, त्यांच्या जागी कोण राहतं त्यांची तोंडंही तुला माहीत नाहीत. ती म्हणाली, "लोकं बदलले बाई, चढ थोच हाय न." मला तेव्हा तिच्या या शहाणपणाचं अजिबात कौतुक वाटलं नाही. मला तिचा राग आला. चांगुलपणाचाही एक हट्ट असतो आणि तो समोरच्याच्या डोक्यात जातो. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी गुंड घेऊन गेले.

मग मी हाइट्सच्या मीटिंगला गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि गणपतीची वर्गणी की लिफ्टची दुरुस्ती असं काहीतरी चाललं होतं. त्यातले दोघे-तिघे माझे विद्यार्थी, म्हणून मला खुर्ची मिळाली, पाण्याची बाटलीही मिळाली, सीलबंद. मी उभं राहून सगळं सांगितलं. बाळंतिणीपासून सांगितलं. एक डॉक्टरीण बाई म्हणाली, "किती छान ना, हाऊ स्वीट." कोचिंगवाले सर सेक्रेटरी होते, अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मॅडम, त्यांना नळ बंद ठेवा असं आम्ही कधी सांगितलं का?"

खरंच होतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही निदान मोटार थोडी उशिरा सुरू करा," मी म्हटलं. "आधी गल्लीचं भरू द्या."

"मोटार ऑटोमॅटिक आहे, मॅडम. लाइनला पाणी आलं की आपोआप सुरू होते." मग जरा थांबून ते आपुलकीने म्हणाले, "तुम्हीही एक लावून घ्या ना. आता सगळेच लावतात."

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली न घेता विचारलं, किती हॉर्सपॉवरची. महिन्याभरात गल्लीत दारोदारी मोटारी आल्या. आमच्याकडेही आली. ती नसती तर आमच्याकडेही पाणी आलं नसतं, आणि मग खालाला नेऊन द्यायला तरी कुठलं आलं असतं? मी तिलाही एक घेऊन द्यायला निघाले होते. मुलगाही तयार होता. तिने दोघांनाही साफ नाही म्हटलं.

"मोटारीचं पानी म्हनजे दुसऱ्याच्या घरातून ओढलेलं," ती म्हणाली. "माह्या सासूनं सोडेल पानी मी ओढू काय?"

"आन मी आनून देतो थे काय हाय? थे बी मोटारीचंच न."

मी हे म्हणायला नको होतं असं लगेच वाटलं, पण माझी जीभ आधी चालते आणि मी मागून.

शेवटी एका उन्हाळ्यात तिने हाकेची वाट बघणं सोडलं. मला न सांगता एका पाण्याला नळ सोडला. मी भिंतीवरून बघत होते, ती खड्ड्यात उतरली, तोटी फिरवली आणि गुंड धरून ओणवी झाली. तोवर गल्लीत एवढ्या मोटारी झाल्या होत्या की खालच्या घरालाही काही उरत नव्हतं. करंगळीएवढी धार आली, तुटली, मग नुसता आवाज. अर्धा गुंड भरला असेल. तो घेऊन ती वर आली, आणि मी भिंतीआड खाली बसले. मला तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती. इतके दिवस मीच तिला सोड-सोड म्हणून भंडावत होते आणि तिने सोडला तेव्हा मला जे वाटलं ते सांगता येत नाही. घरातलं कोणीतरी गेल्यासारखं झालं.

त्यानंतर सौंदर्यीकरण आलं. हा शब्द मला पोरांकडून पाटीवर लिहून घेताना कधी अवघड वाटला नाही, आता वाटतो. गल्लीला पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंनी कुंड्या, वाकड्या मानेचे दिवे, आणि भिंतींवर चित्रं. खालाच्या भिंतीवर डोक्यावर घागर घेतलेली एक बाई काढली आणि खाली लिहिलं, पाणी वाचवा. ती बाई गोरीपान आणि हसरी. रंगवणारा मुलगा अकोल्याचा होता, त्याला खालाने चहा दिला.

पेव्हर ब्लॉक बसवणारे आले तेव्हा मी शाळेत होते. निवृत्तीला शेवटचं वर्ष राहिलं होतं. परत आले तो दारासमोर सगळं सपाट, चकचकीत. सपाट म्हणजे खड्डेही नाहीत. बाकीच्यांनी मोटारी लावताना नळ केव्हाच आत, अंगणात घेतले होते. खड्ड्यात नळ राहिला होता एकट्या खालाचा. मुरूम टाकून, वर रोलर फिरवून, लाल-पिवळे ब्लॉक बसवून मंडळी पुढे सरकली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठेकेदाराच्या माणसाला मी कॅफेसमोर गाठलं. तो म्हणाला, खड्डा धोकादायक होता, त्यात म्हातारं माणूस पडलं तर जबाबदारी कोणाची? मी म्हटलं, त्यात म्हातारं माणूस पाणी भरत होतं. तो म्हणाला, "त्यांना विचारलं होतं ना. आजी काहीच बोलल्या नाहीत."

मी खालाकडे गेले. "तू काऊन नाई बोलली?"

"काय बोलू? थे पोट्टे उन्हात काम करून राह्यले होते. येत तं नव्हतंच पानी."

नगरपालिकेत गेले. तिथे सांगितलं, नवीन कनेक्शनसाठी अर्ज करा, पण ब्लॉक आताच बसलेत, ते आता लगेच उखडता येणार नाहीत. कधी उखडता येतील? बघू. या 'बघू'वर मी पाच-सहा वेळा जाऊन आले. खुर्चीतला माणूस मधेच बदलला आणि नव्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

मग सगळा आधार माझ्या पाण्यावर. पाणी आलं की मी दोन टाक्या भरायचे, एक आमची आणि एक तिची. आमच्या घरात यावरून कधी एक शब्द झाला नाही, हे नवऱ्याच्या बाजूने मी लिहून ठेवते. तो स्वतः पाइप ओढून तिच्या दारात न्यायचा. पण खाला दिवसेंदिवस कमी बोलू लागली. माझ्या रजया तिने न सांगता उचलून नेल्या आणि भरून आणून ठेवल्या, त्या उन्हाळ्यात. मी म्हटलं, आत्ता कोण पांघरतं? ती म्हणाली, "राहू द्या, लागतीन." पाण्याची परतफेड चालली होती ती, आणि ते मला समजत होतं म्हणून आणखी राग येत होता. वरून तिच्या कामावरही गदा आली. कापूस उडतो, आमच्या मुलीला दमा आहे, असं डॉक्टरीण बाई येऊन गोड बोलून सांगून गेल्या. खालाने यंत्र आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून पिंजू लागली. त्या बंद खोलीत तिलाच खोकला लागला.

एके दिवशी संग्रामपूरकडून तिची भाची आली, लेकरं घेऊन. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. खाला तिला म्हणाली, "चायपत्ती संपली, मुली. दुकान बंद हाय आज." त्या घरातून चहा न घेता उठून गेलेलं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. चहापत्ती संपलेली नव्हती. सकाळीच मी तिच्या ओट्यावर बसून तिच्या पत्तीचा चहा प्याले होते. पाण्याची टाकी तळाला लागलेली होती आणि पाणी यायला अजून दिवस होते. मी कळशी घेऊन धावत गेले. तोवर ती भाची पोरांना घेऊन निघाली होती आणि खाला दारात उभी राहून तिला हात हलवत होती.

मला पाहून ती म्हणाली, "ठेवा थे वापस नेऊन."

"काऊन?"

"आता नको बाई. सोडून देतो घर."

मी कळशी तिथेच ठेवली. "कुठी जाशीन?"

"पोराकडे. थो म्हनतेच कधीचा." मग ती पायरीवर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "माह्याच घरात पाहुन्यावानी पानी मोजून पिऊन राह्यली मी. तुमी देता, तुमचं मन मोठं हाय. पन रोज घेताना माहं मन लहान होते. आता जे दिवस राह्यले थे असे नाई काढाचे मले."

मी तिला खूप बोलले. तू त्यांना जिंकू देतेस, म्हटलं. इथेच मरणार होतीस ना, म्हटलं. असलं कोणी माणसाला म्हणतं का? पण मी म्हटलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मरनं सोपं हाय. पाहुन्याले चाय न देता जगनं कठीन हाय."

घर हाइट्सच्याच बिल्डरने घेतलं. यंत्र भंगारात गेलं. मुलगा छोटा टेंपो घेऊन आला. सामान एवढंसं, अर्धा टेंपो रिकामाच होता. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, आमच्याकडे रोज पाणी येतं, तुम्ही काळजी नका करू." तो पुस्तकी मराठीत बोलला, मी घोटून घेतलेल्या. खाला पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसली आणि तिने गल्लीकडे वळून पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

घर पाडायला जेमतेम एक दुपार लागली. घागरवाली बाई भिंतीसकट खाली आली. मग हिरवं कापड लागलं, दुसऱ्या इमारतीच्या चित्राचा बोर्ड लागला, आणि एका सकाळी बोअरची गाडी आली. नुसतं बांधकामाला पाणी लागतं म्हणून मारत होते. खारं लागणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. दिवसभर घर हादरत राहिलं, फडताळातले कप किणकिणत राहिले, आणि मी दारं लावून बसले.

दुपार कलताना बाहेर आरडाओरडा झाला. मी दार उघडून ओट्यावर आले. जिथे खालाची चूल होती, त्या जागेतून पाणी उसळत होतं. घराच्या उंचीएवढं वर जाऊन आजूबाजूला पडत होतं, पेव्हर ब्लॉकवरून वाहत नालीत चाललं होतं. हाइट्सची मंडळी गच्चीवरून मोबाइल धरून उभी होती. बिल्डरच्या माणसाने नारळ फोडला. कोणीतरी स्टीलचा पेला भरून चाखला, शेजारच्याला दिला, त्याने तिसऱ्याला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोचिंगवाले सर तो पेला दोन्ही हातांत धरून माझ्या ओट्याशी आले.

"मॅडम, घ्या ना. आश्चर्य आहे."

मी घेतला. प्याले. गोडं होतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास तरी असतो, याला तोही नव्हता. थंड, स्वच्छ, गोडं पाणी, तिच्या सासूच्या आणि तिच्या सगळ्या जन्मभर त्या चुलीखाली पडून राहिलेलं. मी पेला त्यांना परत केला आणि आत आले. पाणी आजही तिथून निघतं, दोन्ही इमारतींना पुरतं, कॅफेलाही पुरतं.

त्याच संध्याकाळी फोन आला. गावातली बातमी नांदुऱ्याला पोचायला वेळ लागत नाही.

"बाई," खाला म्हणाली, "आपल्या घरात पानी लागलं म्हनते."

"हाव," मी म्हटलं. "लागलं."

"लय लागलं म्हनते."

"लय लागलं."

मागे तिच्या नातवंडांचा टीव्ही चालला होता.

"गोडं हाय का, बाई?"

"नाई व," मी म्हटलं. "खारं हाय. तोंडात धरवत नाई."

तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "मी तं भेली होती."